नजरेआड होईपर्यंत

वालाच्या शेंगा भरल्या. परवा शेजारच्या कुंदावहिनीने पदरातून ओंजळभर आणून ओटीवर ओतल्या नि म्हणाली, "बघ गो, दाणा धरलाय." मी एक शेंग सोलून दाणा दाताखाली धरला, आणि पौष आला हे मला तेव्हा पटलं. कॅलेंडर भिंतीवर असतं, ते त्याच्या जागी ठीक आहे. पण पेणजवळच्या आमच्या जोह्यात पौष कळतो तो शेंगेतल्या दाण्यावरून, बांधावरच्या भांबुर्ड्याच्या झुडपांच्या उग्र वासावरून, आणि आता काही वर्षं रस्त्याने जाणाऱ्या, पाठीवर भली मोठी पिशवी बांधलेल्या माणसांवरून. यंदाचा पहिला चालणारा काल दुपारी गेला. पाणी प्यायला, मोजे वाळत घातले, ओटीवर तासभर घोरला आणि गेला. मला अगदी बरं वाटलं.

या दिवसांत भात कापून, झोडून कणगीत गेलेलं असतं. खाचरं मोकळी. उन्हाला टोचणी नसते, सकाळी दवाने पायवाट ओली असते, आणि गावातल्या कारखान्यांतून रंग न दिलेले पांढरेशुभ्र गणपती दाराशी रांगेने वाळत बसलेले असतात. बाहेरचा माणूस ते बघून थबकतोच. "आत्तापासून?" असं विचारतो. आम्हाला त्यात काही वाटत नाही. गणपती गेले की दुसऱ्या दिवसापासून गणपतीच करायचे, एवढंच आम्हाला माहीत.

ही चालणारी माणसं कोण, तर खरं सांगायचं म्हणजे मलाही नीट सांगता येणार नाही. कोणी पनवेलहून निघून पार गोव्यापर्यंत चालत जातं, कोणी वाटेतले किल्ले करत जातं, कोणी समुद्राच्या कडेकडेने. हायवेवर ट्रक आणि कंटेनर अंगावर येतात, म्हणून ती आतल्या रस्त्याला वळतात आणि आमच्या दारावरून जातात. पौषात सुरुवात होते, शिमगा जवळ आला की संपतात. एकदा इस्रायलहून एक गृहस्थ आले होते, पूर्वी आमच्या भागात तेल गाळणाऱ्या ज्यू कुटुंबातले. आजोबांचा तेलाचा घाणा कुठल्या गावात होता ते शोधत गावोगाव चालत होते, आणि मराठी अगदी माझी सासू बोलायची तसं बोलत होते. घाणा सापडला की नाही कोण जाणे, पण कुंदावहिनीच्या घरचे तांदळाचे घावने त्यांनी डोळे मिटून खाल्ले.

पहिल्यांदा हे लोक दिसायला लागले तेव्हा आमच्या गावाने त्यांचा अगदी छळ मांडला होता. छळच म्हणायचा. आमच्याकडे कोणी पायी चाललेला दिसला नि आपण गाडीवर असलो, तर थांबायचं आणि "बसा, सोडतो" म्हणायचं. न थांबणारा माणूस माजलेला समजतात. आता ही माणसं तर चालायलाच निघालेली! तरी प्रत्येक गाडी थांबायची. "बसा." "नको, चालतोय." "अहो बसा, पेणलाच जातोय." "नको हो." "पैसे नाय मागत, बसा!" असं दर दहा मिनिटांनी. एका बिचाऱ्याची पिशवीच आमच्या बाळू भावजींनी उचलून रिक्षात टाकली नि रिक्षा चालू केली. तो पिशवीच्या मागे धावत गेला.

आणि खायला घालणं! एका घरी भाकरी, दुसऱ्या घरी भात, तिसऱ्या घरी "आमच्याकडचं नाय खाणार का?" म्हणून रुसवा. तुडुंब जेवलेला माणूस चालणार कसा? तो तिथेच आडवा व्हायचा. मी तोंडाची फटकळ, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मीच एकदा पापड लाटताना सगळ्या बायकांना सुनावलं, "गो बायांनो, माणूस वाटेला लागलाय, त्याला वाटेला लागू द्या. पाणी द्या, बसायला सावली द्या, बाईमाणूस असेल तर आधी न्हाणीघर दाखवा नि मग चहाचं विचारा." हे शेवटचं कोणी बोलत नाही, पण चालणाऱ्या बाईला सगळ्यात आधी काय हवं असतं ते दुसऱ्या बाईला कळायला नको का?

तेव्हापासून आमच्या ओटीवर माठ असतो, फोन चार्जिंगला लावायला एक बोर्ड, आणि पाय बुडवायला मिठाचं गरम पाणी. आमच्या अलीकडच्या जिते गावात एक घर आहे, तेही हेच करतं. तिथून फोन येतो, "एक जण निघालाय, उंच हाय, लंगडतोय जरा." मग मी पाणी तापत ठेवते. एवढंच. याला पुण्य वगैरे मी म्हणत नाही. घरात एक माणूस गप्प बसलेला असला की दारात नवं माणूस आलेलं बरं असतं, हा त्यातला माझा स्वार्थ.

गप्प बसलेला माणूस म्हणजे आमचे हे. गाव त्यांना अण्णा म्हणतं. सगळा जन्म कंपनीत शिफ्ट केल्या. एकदा सकाळची शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या गेटसमोर रस्त्यातच कोसळले. मागून आलेल्या लोकांनी उचललं म्हणून वाचले. छाती उघडून ऑपरेशन झालं, घरी आले, जखम भरली, औषधं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "आता चाला. रोज चाला. चालणं हेच तुमचं औषध." हे मान डोलवून घरी आले आणि ओटीवरच्या खुर्चीत बसले ते बसलेच. अंगणातल्या गेटापर्यंत जायचे, गेटावर हात ठेवायचे आणि परत फिरायचे. "उद्या जातो," म्हणायचे. रोह्याला आमची लेक सोनाली दिलेली. गाडीत बसलं की तासाभरात तिच्याकडे. पण तिथेही नाही. ती मुलाला घेऊन इकडे यायची, बापाशेजारी बसायची, जाताना स्वयंपाकघरात येऊन मला म्हणायची, "आई, बाबा असेच बसून राहिले तर गं?" मी तिच्यावर डाफरायचे. दुसरं काय करणार? तेच तर मलाही वाटत होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की हा माणूस चालला नाही, तर ऑपरेशन केल्याचा काही उपयोग नाही. माझं हात जोडून झालं, भांडून झालं, एकदा जेवायचं बंद करून झालं. माणूस गेटाच्या पुढे जाईना.

अशातच एका पौषात शैलजाताई आल्या. नांदेडकडच्या. पन्नाशीच्या, अंगाने चांगल्या भरलेल्या, डोक्याला पंचा गुंडाळलेला, हातात बांबूची काठी. बँकेत नोकरी, रजा टाकून कोकण चालायला निघालेल्या. आमच्या बायकांनी त्यांना गराडा घातला.

"नवस होता का काय?" कुंदावहिनीने विचारलं.

"नाही हो."

"मग घरात काय झालंय का?"

"काय बी झालं नाही. सगळं चांगलं हाय घरी, म्हणून तर निघाले. वाईट असतं तर निघता आलं असतं का?"

घरचं सगळं चांगलं आहे म्हणून बाई चालत निघते, हे आम्हाला कोणाला कधी सुचलंच नव्हतं. मला ती बाई त्याच क्षणी आवडली.

त्या मुक्कामाला राहिल्या. संध्याकाळी आम्ही त्यांच्यासाठी पोपटी लावली. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, मीठ आणि ओवा, पुन्हा वर पाला दाबून मडकं उपडं घातलं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवलं. त्यांनी पोपटी कधी पाहिली नव्हती. "मडकं उलटं कामून?" म्हणून विचारत होत्या, नि हे खुर्चीतून त्यांना समजावत होते. पाणी घालत नाहीत, शेंगा स्वतःच्याच वाफेवर शिजतात, जाळ विझला की मडक्यावर पाण्याचा शिपका मारून चर्र आवाज ऐकायचा, सगळं. मी आतून ऐकत होते. ऑपरेशनपासून या माणसाने एका दमात एवढी वाक्यं उच्चारली नव्हती. शेंगा फोडताना सगळ्यांची बोटं काळी झाली. शैलजाताई उजेडात बोटं बघून खूप हसल्या.

सकाळी त्या निघाल्या. आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पाहुण्याला आम्ही दारातून "या हं" म्हणून सोडत नाही. पोचवायला जायचं, रस्त्याला लावायचं, आणि तो नजरेआड होईपर्यंत उभं राहायचं. त्याच्या आधी पाठ फिरवायची नाही. पाहुण्याने वळून पाहिलं आणि आपली पाठ दिसली, तर त्याला काय वाटेल? गेला एकदाचा, असंच ना? माझे सासरे तर भर उन्हात कपाळावर हात धरून उभे असायचे. हे पोचवणं पहिल्यापासून यांचं काम. आजारपणानंतर ते मी करायला लागले.

पण त्या दिवशी माझं पापडाचं काम होतं. उडदाचं पीठ कुटून झालेलं, तेलाच्या हाताने लाट्या पाडलेल्या, चौघी जणी पोळपाट घेऊन बसलेल्या. ते पीठ कोणासाठी थांबत नाही. वारा लागला की चिरा पडतात. माझे हात तेलाचे. मी आतूनच ओरडले, "अहो, गेटापर्यंत तरी जा की! बाई एकटी निघालीय, कोणी पोचवायला नाय, बरं दिसतं का ते?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गेट वाजलं. मी लाटत राहिले.

पापड वाळत पडले, पहिल्या फेरीचे उलटून झाले, ऊन अंगणातून वर सरकलं. चहा टाकला आणि कप घेऊन ओटीवर आले तर खुर्ची रिकामी. न्हाणीघरात नाही. मागे विहिरीकडे नाही. गेट सताड उघडं. वहाणा नाहीत. मी फोन लावला, तो आतच वाजला, चार्जिंगच्या बोर्डावर.

"पाहुणीच्या मागं गेला गो तुझा नवरा!" कुंदावहिनी पोळपाटावरून ओरडली नि सगळ्या खिदळल्या. एरवी मीही हसले असते, दोन जास्तीचे शब्द मीच जोडले असते. पण मी कप तसाच ओटीवर ठेवला. माझ्या डोळ्यांपुढे कंपनीचं गेट आलं. मी तो प्रसंग पाहिलेला नाही, लोकांनी सांगितला तेवढाच. पण तेव्हापासून मला तो रोज दिसतो. रस्त्यात पालथा पडलेला माणूस, एक वहाण निसटलेली. कुंदावहिनीने माझं तोंड पाहिलं आणि तिचं हसू तिथेच मेलं. "जा तू," म्हणाली, "पीठ आम्ही बघतो. जा गो नंदा, बाळूला घे."

बाळू भावजी यांचे चुलतभाऊ, रिक्षा चालवतात. मी त्यांना जेवणावरून उठवलं. रिक्षा निघाली आणि मी एका बाजूने बाहेर डोकं काढून बसले. रस्त्याच्या कडेचा प्रत्येक चर, प्रत्येक झाडाची सावली, प्रत्येक पुलाखालची जागा बघत होते. काय दिसेल या भीतीने बघत होते आणि न बघताही राहवत नव्हतं. तोंडाने मात्र शिव्या चालू होत्या. "मेल्याला फोन न्यायला काय झालं? गोळी घेतली नाय सकाळची. येऊ दे घरी, कुलूप घालते गेटाला."

गावाबाहेरच्या शेवटच्या कारखान्यात एक जण मूर्ती घासत होता. अंगभर पांढरा. त्याने मान वर न करता सांगितलं, "अण्णा ना? गेले की मघाशीच. ती काठीवाली बाई पुढं, नि अण्णा मागं."

"मागं म्हणजे?"

"मागं म्हणजे मागं. दोन शेतं मागं. काय भांडण झालं होतं काय?"

पुढे बांधावर एक म्हातारी शेंगा तोडत होती. तिने आमची रिक्षा थांबवून घेतली, कारण तिला बोलायचंच होतं. "तुमचेच का ते? पाणी पाजलं मी, गूळ दिला हातावर. विचारलं, काका तुमी पन गोव्याला निघालाव? तर हसले नुसते. बसत नव्हते. मी म्हटलं बस रं बाबा, उन्हाचं बसून जा. मंग बसले."

"दमले होते का? छातीला हात लावत होते का?"

"नाय गो. शेंगा तोडून देत होते मला."

मी मागे टेकले. बाळू भावजी आरशातून माझ्याकडे बघत होते. "वयनी," म्हणाले, "शेंगा तोडतोय म्हंजे माणूस ठीक हाय." मी म्हटलं, "तुम्ही पुढं बघून चालवा."

आणखी पुढे एका मोटारसायकलवाल्याने सांगितलं, "दोघांना म्हटलं बसा, एकेकाला सोडतो. नको म्हणाले. तो म्हातारा तर म्हणतो, आम्ही चालणारे. आता तो पुढं हाय नि बाई मागं." आम्ही चालणारे! गेटापर्यंत जाऊन परत फिरणारा माणूस! माझा श्वास जरा खाली बसला आणि त्याच्या जागी संताप चढला. भीती ओसरली की तिच्यामागून संताप येतो, हे मी त्या रिक्षात शिकले. पेण जवळ आलं तसा तो एवढा चढला की काय काय बोलायचं ते मी मनात नीट लावून ठेवलं.

ते पेणच्या रामवाडीत सापडले. हायवेजवळच्या एका चहाच्या टपरीवर, स्टुलावर बसलेले. वहाणा काढलेल्या, पाय शैलजाताईंच्या पिशवीवर ठेवलेले, तळव्यांना धूळ, कपाळाला घाम, हातात अर्धं सोललेलं संत्रं. तोंडावर असं हसू की आमचं लग्न ठरलं तेव्हाही मी ते पाहिलं नव्हतं. टपरीवाला त्यांना वाऱ्यासाठी पुठ्ठा देत होता. मी रिक्षातून उतरले आणि मनात लावून ठेवलेलं सगळं विसरले. मी तिथेच, भर रस्त्यात, हमसून हमसून रडायला लागले. माणसं थांबून बघायला लागली. मग मी रडता रडता सगळ्यांना झाडलं. यांना झाडलं, शैलजाताईंना झाडलं, टपरीवाल्याला झाडलं की हार्टच्या माणसाला तू चहा कसला पाजतोस. तो बिचारा म्हणाला, "मावशी, बिनसाखरेचा दिला."

"ताई," शैलजाताई माझा हात धरून म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हीच धाडलंय त्यांना माझ्यासंगं. मी वळून बघायची तर हे आपले उभे. पुन्हा चालायची, पुन्हा वळायची, तर हे अजून जवळ. शेवटी मीच थांबले. म्हटलं या काका, बोलत चालू."

मी यांच्याकडे वळले. "गेटापर्यंत जा म्हटलं होतं मी! गेटापर्यंत! इथवर कशाला आलात?"

हे अगदी शांतपणे म्हणाले, "त्या नजरेआड होईनात."

"म्हणजे?"

"अगो, मी वळणापर्यंत गेलो. म्हटलं दिसेनाशा झाल्या की फिरतो. पण भात कापलेलं, सगळं रान मोकळं. कितीही लांब गेल्या तरी दिसतातच. नि वळून बघतात पण. आता बाई वळून बघतेय नि मी पाठ कशी फिरवू? उभा राहून पाय भरून आले, म्हणून चार पावलं पुढं गेलो. तर तिथनं अजून चांगल्या दिसायला लागल्या!"

बाळू भावजी रिक्षाला टेकून पोट धरून हसायला लागले. टपरीवालाही हसला. पाऊस सरल्यावर खांद्याएवढ्या वाढलेल्या भातात माणूस दहा पावलांत बुडतो, तेव्हा कोणी पाहुणा आला असता तर हे वळणावरूनच परतले असते. कापलेल्या रानाने आणि आमच्या रीतीने मिळून माझ्या नवऱ्याला पेणला नेलं. मला हसू येत होतं आणि मी ते दाखवत नव्हते.

मग हे हळूच म्हणाले, फक्त मला ऐकू जाईल असं, "नंदा, मला वाटायचं रस्त्यात पडलो तर? कोण उचलेल? एकदा उचललं लोकांनी, दर वेळी कोण असतंय? पण अगो, रस्त्याला माणसं हायत. दर चार घरांनी कोणतरी बसा म्हणतंय, पाणी घ्या म्हणतंय. पडायला सवडच देत नायत."

दोन वर्षं हा माणूस गेटावर हात ठेवून उभा राहायचा, तेव्हा त्याच्या मनात हे होतं. मला वाटायचं आळस आहे, हट्ट आहे, माझ्यावरचा राग आहे. आणि मी दारात माठ ठेवून येणाऱ्या जाणाऱ्याला पाणी पाजत होते. रस्त्याला माणसं आहेत हे परगावच्या लोकांना दाखवत होते, नि घरातल्याच माणसाला ते ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या हातातल्या संत्र्याची उरलेली साल काढून दिली.

शैलजाताईंना आम्ही तिघांनी मिळून पोचवलं. हायवेवर माणूस पटकन नजरेआड होतं. एक कंटेनर मध्ये आला, आणि तो गेल्यावर त्या दिसल्या नाहीत.

घरी येताना हे रिक्षात झोपले. मी दोन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवून बसले होते, नाडी नीट चालली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं, तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "छान. एकदम एवढं नको, पण थांबू नका." एवढ्या साध्या वाक्याने किती हलकं वाटावं! दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला भूक लागली. नीट, कडकडून. किती दिवसांनी लागली ते आठवेना.

त्या उरलेल्या पौष-माघात आमच्या घराचं सगळं तंत्रच बदललं. जित्याहून फोन आला की पाणी मी तापवायची आणि वहाणा हे शोधायचे. शैलजाताईंनी वाटेत त्यांना चालणाऱ्यांचा एक नियम सांगितला होता, जिथे थांबलो तिथूनच पुढे निघायचं, मधला रस्ता गाळायचा नाही. हे त्या नियमाला असे चिकटले की विचारू नका. पुढचा चालणारा आला की रिक्षाने रामवाडीला जाऊन त्याला गाठायचे आणि त्या टपरीपासून त्याच्यासोबत चालायला लागायचे. दमले की थांबायचे, कोणाच्या तरी ओटीवर बसायचे, मिळेल त्या गाडीने परत यायचे. आठवडाभराने, थांबले होते तिथूनच पुढे. कधी कासूपर्यंत पोचले, कधी त्याच्या पुढे. नागोठण्याला पोचले त्या दिवशी फोनवर असे बोलत होते की जणू दिल्लीला पोचले. फोन आता न चुकता बरोबर. चालणाऱ्यांना त्यांचा उपयोगही व्हायला लागला. कुठलं कुत्रं अंगावर येतं, कुठल्या विहिरीचं पाणी चांगलं, कुठल्या बाईच्या घरी न्हाणीघर स्वच्छ, सगळं यांना पाठ.

मी घाबरत नव्हते असं नाही. गेट वाजलं की मी हातातलं टाकून ओटीवर यायची. फोनकडे बघत पापड लाटायची, नि लाटताना पापड कडेला जाड राहायचे. कुंदावहिनी म्हणायची, "तुझा नवरा चाललाय नि पापड आमचे बिघडताहेत." पण ते घाबरणं वेगळं होतं. आधीची भीती घरात खुर्चीवर बसलेली असायची, हलायचीच नाही. ही संध्याकाळी गाडीतून उतरून घरी यायची, हातपाय धुवायची आणि भाकरी मागायची.

शिमगा जवळ आला, ऊन तापायला लागलं, चालणारे बंद झाले. लेकीच्या गावापर्यंत चालत जायचं हे त्यांनी एव्हाना मनाशी धरलं होतं. त्यातला नागोठणे ते रोहे हा शेवटचा तुकडा राहिला होता आणि सोबतीला कोणीच उरलं नव्हतं. "पुढच्या वर्षी करा," मी म्हटलं. "नाय," हे म्हणाले, "एकटा जातो. पहाटे निघतो, उन्हाच्या आत पोचतो." मी भांडले. सोनाली फोनवर भांडली. दोघींनी भांडून घेतलं, नि ठरलं असं की त्यांनी चालत यायचं आणि मी गाडीने रोह्याला जायचं. दर थोड्या वेळाने त्यांनी फोन करायचा.

गाडीत मी खिडकीशी बसले होते. रुळांच्या पलीकडे कुठे कुठे रस्ता दिसायचा, त्यावर एखादं माणूस दिसलं की मी पुढे वाकायची. ते नसायचे. शेवटचा फोन येऊनही बराच वेळ झाला होता. रोह्याला उतरले, सोनालीच्या गल्लीकडे चालायला लागले, आणि माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा ते कंपनीचं गेट आलं. कोपऱ्यावर वळले तर समोरच, एका अनोळखी घराच्या पायरीवर हे बसलेले. पाठमोरे. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. एक बाई दारात उभी होती, माझ्याच वयाची, हातात तांब्या. मी तिला ओळखत नव्हते, तीही यांना ओळखत नव्हती.

"कुठनं चालत आलाव काका?" ती विचारत होती.

"जोह्यावरनं."

"अगो बाई! एवढ्या लांबनं? नि अजून कुठपर्यंत जायचंय?"

"कुठं नाय," हे म्हणाले. "आलो. लेकीकडं आलो."

तिने तांब्या पुढे केला. यांनी मान वर करून पाणी प्यायला सुरुवात केली, सावकाश, घोट घोट. मला हाक मारता आली असती. चार पावलं तर होती. मी नाही मारली. भिंतीला टेकून उभी राहिले आणि त्यांचं पाणी पिऊन होऊ दिलं.